तिवर, बांध आणि गाव

मंडळी, खाडीकाठच्या एखाद्या जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारून पाहा. तो घड्याळाकडे बघणार नाही. आज तिथी कोणती, एवढेच मनाशी धरील आणि तिची पाऊणपट करून सांगेल. चतुर्थी असली तर भरती तीनच्या सुमाराला, अष्टमी असली तर सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला, आणि तीच उधाणाची. हे गणित त्याला कुठल्या गुरुजींनी शिकवलेले नसते. त्याचे शेतच भरतीच्या पातळीहून खाली असते. पाणी केव्हा चढणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या जमिनीत भात पिकवता यायचे नाही.

माझे आजोळ अलिबागेकडच्या खारेपाटातले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. श्रावणातली अमावास्या होती. मध्यरात्री गावात हाक उठली, "खांड गेली रे, खांड गेली!" बाहेरच्या बांधाला भगदाड पडून खाडी शेतात शिरली, असा त्या हाकेचा अर्थ. आजोबा उठले, मामा उठले, शेजारपाजारचे उठले. कुणी पेंढ्याच्या गुंड्या घेतल्या, कुणी बांबू, कुणी घमेली. ह्याचे शेत की त्याचे, हे कुणी विचारले नाही. ओहोटी लागली की पुढची भरती यायला जेमतेम सहा तास मिळतात. तेवढ्यात खांड बुजली तर बुजली. नाही बुजली तर दर भरतीला ती रुंद होत जाणार, आणि त्या वर्षीचे भात तर जाणारच, पण पुढची दोन-चार वर्षेही जमीन खारटच राहणार. सकाळी सारी माणसे नखशिखांत चिखलात माखून परत आली. खांड बुजली होती.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते ह्या बांधाच्या इतिहासाविषयी. हल्ली साऱ्या जगात अशी चर्चा चालली आहे की, समुद्राला नुसत्या दगडा-काँक्रीटच्या भिंतींनी अडवण्यापेक्षा निसर्गाचीच मदत घ्यावी. कांदळवने राखावीत, वाळूच्या टेकड्या राखाव्यात, खाडीतल्या पाण्याला पसरायला जागा ठेवावी. ऐकायला हा विचार नवा वाटतो. परंतु आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर शेतकऱ्यांनी तो शेकडो वर्षे आचरला आहे. तो कसा आचरला, कुणाच्या घामावर, आणि कशामुळे मोडत गेला, हे पाहण्यासारखे आहे.

पुरावा थेट ताम्रपटापर्यंत जातो. गोव्यात फोंड्याजवळ बांदिवडे येथे अनिर्जितवर्मन नावाच्या राजाचा एक ताम्रपट सापडला. हा राजा कोकणच्या मौर्यांपैकी. लेखाचा काळ पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात. त्यात एका ब्राह्मणाला 'खज्जण' जमीन दिल्याचा उल्लेख आहे, आणि तेथील रान काढून, समुद्राच्या पाण्याला बांध घालून ती लागवडीखाली आणावी, अशी अपेक्षाही आहे. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी खाजण हा शब्द होता, बांध होता आणि बांध घालणाऱ्याला उत्तेजन देण्याची रीतही होती. गोव्यात आजही त्या जमिनीला खाजणच म्हणतात. तिचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर सांगितले जाते. आपल्याकडे रायगड-ठाण्यात तिलाच खार किंवा खारभूमी म्हणतात.

आता ह्या रचनेची करामत समजून घेऊ. शिक्षकबंधू-भगिनींनी हे फळ्यावर काढून दाखवावे, कारण चित्राने ते चटकन ध्यानात येते.

खाडीकडून आत येऊ लागलात की पहिल्यांदा लागते ते तिवराचे, चिपीचे, कांदळाचे रान. ही झाडे खाऱ्या चिखलात जगतात. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे जमिनीतून उलटी वर येतात. ओहोटीला पाहिलेत तर चिखलात पेन्सिली खोचून ठेवल्यासारख्या दिसतील. त्या मुळांवाटे झाड श्वास घेते. अंगात गेलेले मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. पान चाटून पाहा, खारट लागेल. कांदळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते, हातभर लांब शेंगेसारखे लोंबते, आणि खाली पडले की भाल्यासारखे चिखलात रुतते. पाण्याबरोबर वाहून जाण्याची वेळच बहुधा येत नाही, आणि आलीच तर ते तरंगत दुसऱ्या काठाला लागते.

ह्या मुळाखोडांच्या दाटीत पाणी शिरले की त्याचा वेग मोडतो. लाट मोठी येते ती लहान होऊन पुढे जाते. वेग मोडला की पाण्यातला गाळ खाली बसतो, आणि गाळ बसला की किनाऱ्याची जमीन तसूतसूने वर येते. शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या देशांत केलेल्या मोजमापांवरून असे दिसते की, शंभर मीटर रुंदीच्या कांदळवनातून जाताना लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते. झाडी किती दाट, पाणी किती खोल, ह्यावर आकडा बदलतो. आपल्या शेतकऱ्याने हा आकडा काढला नव्हता. पण बांधापुढे तिवर असला की बांध टिकतो, आणि तिवर तोडला की दर पावसाळ्यात खांड जाते, हे त्याला पुरते ठाऊक होते.

तिवराच्या मागे बांध. आमच्याकडे बाहेरच्या मुख्य बांधाला बाहेरकाठा म्हणत. बांध खाडीच्याच चिखलाचा, मधून पेंढा आणि काटक्या, जिथे मार जास्त तिथे जांभा दगड. मातीचा बांध लवतो, खचतो, पण त्याच चिखलाने पुन्हा उभा राहतो. त्याला बाहेरून काही आणावे लागत नाही, फक्त माणसे लागतात.

बांधात ठिकठिकाणी दारे. गोव्यात त्यांना मानस म्हणतात, आमच्याकडे उघाडी. लाकडाची झडप अशी बसवलेली असते की भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की ती आपोआप मिटते, आणि ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडते. पावसाचे गोडे पाणी बाहेर जाते, खाडीचे खारे पाणी आत येत नाही. ना इंजिन, ना वीज. चंद्र आणि समुद्र मिळून दार उघडतात नि लावतात, असेच म्हणा ना! दाराच्या आत एक खोलगट जागा, गोव्यात तिला पोय म्हणतात. तिथे पाणी साठते, मासळी येते, आणि ओहोटीच्या वेळी मानसीशी जाळे लावले की मासळी मिळते. पावसाळ्यात भात, इतर वेळी मासळी, असा दुहेरी संसार.

आतली शेतीही खास. बांध घातल्यावर पहिली काही वर्षे पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत थांबावे लागे. ह्या जमिनीत लावणी करण्यापेक्षा मोड आलेले बी चिखलात फेकण्याची चाल होती, तिला रहू म्हणतात. बियाणेही खारे पाणी सोसणारे हवे. गोव्यात कोरगुट आणि अझगो, आमच्याकडे राता. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ह्या राता जातींचा अभ्यास केला आणि 'पनवेल १', 'पनवेल २' अशा नव्या जाती काढल्या.

इतके झाले म्हणजे तिवर, बांध आणि दार ह्यांचे वर्णन संपले. परंतु चौथी गोष्ट राहिलीच, आणि इतिहासाच्या दृष्टीने तीच मुख्य. बांध राखायचा कुणी?

गोव्यात हे काम गावकारीचे होते. गावची जमीन गावाच्या मालकीची, तिचे उत्पन्न सामाईक, आणि बांध-मानशींचा खर्चही सामाईक. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी ही व्यवस्था मोडली नाही. १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया ह्या अधिकाऱ्याने गावकारीच्या चालीरीती लिहून काढल्या, ती सनद प्रसिद्ध आहे. राज्य बदलले तरी गावकारी राहिली, कारण बांधाशिवाय भात नाही, आणि भाताशिवाय सारा नाही, हे नव्या राज्यकर्त्यालाही कळत होते.

उत्तरेकडे, जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, व्यवस्था निराळी होती. नवी खार उठवायची तर खर्च मोठा आणि उत्पन्न उशिरा. म्हणून मराठी राज्यात कौल देऊन, पहिली काही वर्षे सारा माफ करून, मग इस्ताव्याने तो थोडाथोडा चढवीत नेण्याची पद्धत होती. ज्यांनी पुढाकार घेऊन खारी उठवल्या ते शिलोत्री. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात ह्या शिलोत्री जमिनींची माहिती आहे. शिलोत्रीने बाहेरकाठा राखावा आणि त्याबद्दल शेतकऱ्याकडून धान्य घ्यावे, असा रिवाज होता. शिवाय गावोगाव जोळ असे. ज्यांची शेते एका बांधाच्या आश्रयाने आहेत, त्या साऱ्यांनी मिळून बांधाची डागडुजी करायची, ह्याला जोळ म्हणत. त्या श्रावणातल्या रात्री मी पाहिले ते ह्या जोळाचेच उरलेले रूप होते.

इथे एक सावधगिरीची सूचना. जुन्या काळाविषयी बोलताना आपण फार गोड बोलू लागतो. सारा गाव एकदिलाने राबत होता, असे चित्र काढतो. ते अर्धेच खरे आहे. चिखलात राबणारे हात एकाचे आणि कणगी भरायची दुसऱ्याची, असेही होतेच. कोकणात खोती होती. कूळ पिकवी आणि खोत मक्ता नेई. ह्या अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. आसपासच्या गावांनी जमिनी ओसाड ठेवल्या, उपासमार सोसली, पण १९३९ पर्यंत संप सोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. शेतकऱ्याच्या संपाच्या इतिहासात एवढा प्रदीर्घ लढा विरळा. तेव्हा जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत यावी, असे खारेपाटातला कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही.

परंतु झाले असे की, खोत गेला त्याबरोबर बांधाची जबाबदारीही अधांतरी राहिली. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला. पुढे महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारजमीन विकास अधिनियम केला. हेतू चांगला होता. बांध आता सरकार बांधणार, सरकार दुरुस्त करणार. पण मंडळी, खांड मध्यरात्री जाते आणि सहा तासांत बुजवावी लागते. अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, ठेका ह्या पायऱ्या चढेपर्यंत किती उधाणे येऊन जातात ते तुम्हीच मोजा! इकडे 'बांध सरकारचा' म्हणून जोळ सुटला, आणि तरुण माणसे मुंबईला, कारखान्यांना लागली. गावाने हात काढला आणि सरकारचा हात वेळेवर पोहोचेना.

गोव्यातही कथा फारशी वेगळी नाही. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन झाली. कुळाला न्याय मिळाला, तो मिळायलाच हवा होता. बांधांची जबाबदारी गावकारीकडून कुळांच्या संघांकडे आली. काही ठिकाणी ती नीट पार पडली. पुष्कळ ठिकाणी मात्र मानशीच्या मासळीचा लिलाव भातापेक्षा जास्त पैसे देऊ लागला. मग जास्त मासळीसाठी खारे पाणी आत घेतले गेले, आणि शेते पडीक झाली. त्यात नद्यांतून खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांध खाल्ले.

आता ह्या गोष्टीला एक विचित्र वळण लागते. शेतात खारे पाणी राहिले की तिवराचे बी आत येते आणि रुजते. दहा-पंधरा वर्षांत जिथे भात होते तिथे रान उभे राहते. दुसरीकडे मुंबईच्या आसपास नेमके उलटे चालले होते. भराव टाकून कांदळवने बुजवली जात होती. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले, तेव्हा पाण्याला पसरायला ठेवलेली जागा आपणच बुजवली, हे पुष्कळांच्या ध्यानात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांची तोड थांबवण्याचा आदेश दिला. २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०२० मध्ये पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. २०२१ च्या वनसर्वेक्षणाने महाराष्ट्रातली कांदळवने ३२४ चौरस किलोमीटर नोंदवली.

हे सारे आवश्यकच होते. पण खारेपाटातला शेतकरी विचारतो, "माझ्या सातबाऱ्यावर भात लिहिले आहे. बांध दुरुस्त झाला नाही म्हणून तिवर आला. आता तो तोडता येत नाही, शेत कसता येत नाही. माझा गुन्हा काय?" ह्या प्रश्नाला मान खाली घालण्यावाचून मला उत्तर सुचत नाही. निसर्गाने किनारा राखावा असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची किंमत एकट्या गरीब कुळाने मोजावी, हे न्यायाचे नव्हे. ज्याचे शेत रानाखाली गेले त्याला त्याचा मोबदला मिळायला हवा, आणि ज्याचे शेत अजून वाचू शकते त्याचा बांध वेळेवर बांधून मिळायला हवा. जुन्या रचनेत बाहेर तिवर होता आणि आत भात होते. दोघांच्या मध्ये बांध होता, म्हणून दोघे नांदत होते. बांध गेला तेव्हा त्यांचे भांडण लागले.

कांदळवनाने खरोखर माणसे वाचतात का, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर ओडिशाने दिले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ ला तिथे महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. पुढे केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला. ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा रुंद होता तिथे मृत्यू कमी झाले होते. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले की, वादळाची सूचना वेळेवर मिळून माणसे हलवली गेली, त्याने त्याहून जास्त जीव वाचले. म्हणजे झाडावर भरवसा ठेवून घरात बसायचे नाही. झाड लाटेचा जोर मोडते, लाट थांबवीत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याने पोफळीच्या बागा आडव्या केल्या, त्या काही तिवराला वाचवता आल्या नसत्या.

खाडीबाहेर, उघड्या पुळणीवर, गोष्ट आणखी निराळी. तिथे तिवर येत नाही. तिथे वाळूची टेकडी हाच बांध. केतकीची बने आणि मर्यादवेल ती वाळू धरून ठेवतात. मर्यादवेल हे नाव ज्याने ठेवले त्याला माझा नमस्कार! समुद्राची मर्यादा सांगणारी वेल, आणि गुलाबी-जांभळ्या फुलांची ती वेल आपण रस्त्यासाठी, हॉटेलासाठी खरवडून काढतो. मग वाळू जाते, आणि मग दगडी बंधारा मागतो. दगडी भिंतीवर आपटून परतणारी लाट भिंतीच्या पायाची वाळू ओढून नेते, आणि भिंत संपते तिथे शेजारच्या गावची धूप वाढते. जिथे घरेच धोक्यात आहेत तिथे भिंत लागेल, हे खरे. पण जिथे टेकडी अजून शाबूत आहे तिथे ती राखणे स्वस्त आणि शहाणपणाचे.

रोपे लावण्याविषयीही एक शब्द. हौसेने कुठेही कांदळ लावून चालत नाही. फार खोल चिखलात, जिथे पाणी हटतच नाही, तिथे लावलेली रोपे मरतात. भरती-ओहोटीची ये-जा नीट ठेवली, भराव काढला, तर पुष्कळदा बी आपोआप येते. लावण्याच्या आधी वाट मोकळी करावी.

शिक्षकबंधू-भगिनींनो, शेवटी तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमची शाळा खाडीकाठी असेल तर एखाद्या ओहोटीला, वाकबगार माणूस बरोबर घेऊन, मुलांना बांधावर न्या. तिवराची मुळे दाखवा. उघाडी दाखवा, ती कुणी बसवली ते विचारा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून बाहेरकाठा, खांड, उघाडी, जोळ, रहू, राता हे शब्द वहीत उतरवून घ्या. कोणत्या साली कुठे खांड गेली आणि ती बुजवायला किती माणसे आली, हेही लिहा. ताम्रपटाइतकाच हा पुरावा मोलाचा आहे, आणि तो फार दिवस राहणार नाही.

समुद्राची पातळी चढते आहे, हे आता मोजून सिद्ध झाले आहे. उद्याच्या भरतीला कदाचित आजोबांची पाऊणपट पुरेशी पडायची नाही. वेळ तीच राहील, पण पाणी जास्त असेल. त्या वेळी तिवर असेल तर बरे, बांध असेल तर फारच बरे. परंतु मध्यरात्री हाक उठली तर पेंढ्याची गुंडी घेऊन निघणारी माणसे गावात आहेत का, हे आधी पाहून ठेवायला हवे. श्रावणातल्या त्या रात्री ती होती, म्हणून आम्ही त्या वर्षी घरचा भात खाल्ला.